कोरड्या पोटाची कोंबडी

"कोनं वतलं पानी? मी इचारून राह्यली, माह्या मोहाखाली पानी कोनं वतलं?"

माझी माय कोठीच्या दारात उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज असा, की पल्याडच्या गावातले बैल चालता चालता थांबायचे आणि आपलं काही चुकलं का म्हणून मागे वळून पाहायचे. मी कोठीतच होतो. हातातला तांब्या पाठीमागे लपवला होता, पण तांब्या गळका होता, आणि तो माझ्याच टाचेवर टपटप गळून चुगली करत होता.

"म्या नाई," मी म्हणालो.

"मंग कोंबडी मुतली का?"

"उन्हाचं होत असन तिले."

"बाबू, जलम गेला माह्या कोंबड्यात. एक कोंबडी मुतताना नाई पाह्यली. तांब्या इकडं आन."

आठ हातांची ती कोठी. एका अंगाला शेणानं सारवलेली बांबूची ढोली, तिच्यात महिनाभर सगळ्या घरानं पहाटे उठून वेचलेला, अंगणात वाळवलेला मोह, म्हणजे मोहाची फुलं. दुसऱ्या अंगाला, फुटक्या रांजणाच्या बुडात, मायची काळी कोंबडी दहा अंड्यांवर बसलेली. मोहाला ओल लागली की बुरशी येते, मग तो खायच्या कामाचा राहत नाही आणि ज्या कामाचा राहतो ते काम आमच्या घरात चालत नव्हतं. आणि त्या अंड्यांना ओल मिळाली नाही, तर माझं घर उठणार होतं. एका कोठीत एका अंगाला कोरडं पाहिजे, दुसऱ्या अंगाला ओलं. मधे मी, गळका तांब्या घेऊन.

कारण ती अंडी कोंबडीची नव्हती. बदकाची होती. आणि बदकं माझ्या बायकोची होती.

तिचं माहेर सिरोंच्याकडचं, नदीकाठचं. आमचं गाव चामोर्शीच्या खाली, जंगलाच्या पोटात. गेल्या भादव्यात आमचं पहिलं मूल झालं, ते रडलंच नाही. बायाबापड्यांनी तिला वीस गोष्टी सांगितल्या. तिनं एकीलाही उत्तर दिलं नाही. दिवाळीला माहेरी गेली आणि परत आली ती मांडीवर बांबूची टोपली घेऊन. टोपलीत एक नर, दोन माद्या. ती त्यांना बातू म्हणायची, माहेरच्या तेलगूत 'रा, रा' करून बोलवायची, आणि दिवसभर त्यांच्याशी जे बोलायची त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही. मला सवत आली असती तरी मी इतका एकटा पडलो नसतो. पण ती बोलत होती. कोणाशी का होईना. घरात आवाज होता.

मग फाल्गुनात एका दिवशी तिनं मला सांगितलं, "टाटी लावून घ्या." टाटी म्हणजे बदकांच्या खुराड्याचं बांबूचं झापड. दोन हातांचं काम. मी लावायला निघालोच होतो. पण वाटेत चारचौघे पारावर बसले होते आणि त्यांना वाघाची गोष्ट अर्धी सांगून ठेवली होती. काल वाघ माझ्या पुढ्यात तीन पावलांवर होता. आज तो दोन पावलांवर आला. मी त्याच्या मिशा मोजायला बसलो, आणि तेवढ्यात रानमांजरानं खुराडं मोकळं केलं. घरी आलो तेव्हा पिसं उरली होती. ती सगळीकडे होती, तुळशीतही होती.

माझी बायको रडली नाही. खुराड्यात वाकून तिनं अंडी गोळा केली. अकरा. खुराड्यातली त्या दिवसाची दोन, घरात टोपलीत साठवलेली नऊ. ओटीत घेऊन ती मायकडे गेली. मायची कोंबडी नेमकी खुडूक बसली होती. अंडी तिच्या पोटाखाली गेली. मग माझी बायको मायला म्हणाली, मी समोर उभा असून मला नाही:

"यातून पिल्लं निघाली तं राहीन. नाई निघाली तं माह्या भावाले निरोप धाडा."

एवढं बोलून तिचं बोलणं संपलं. माझ्याशी तर संपलंच. ताट समोर यायचं, पाणी समोर यायचं, कपडे धुतलेले यायचे, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी जगातल्या सगळ्या थापा मारून पाहिल्या. तलावात देवमासा आलाय म्हणून सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

मायनं घरटं नेहमीसारखंच केलं होतं. आमच्याकडे पद्धत अशी: रांजणाच्या बुडात आधी चुलीची राख, तिच्यावर धानाचा कोंडा, वर थोडी तणस, आणि कडेला तुटक्या विळ्याचं लोखंड, म्हणजे वीज कडाडली तरी अंडं दचकत नाही. राख टाकायची ती कोंबडीला उवा होऊ नयेत म्हणून. माझ्या आजीनं तशीच टाकली, तिच्या आजीनं तशीच, आणि आमच्या घरात कोंबडीची इतकी पिल्लं निघाली की त्यांना मोजायला पटवारी लागला असता. राखेत काही चूक असू शकते, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आठव्या दिवशी कोंबडीनं एक अंडं पायानं लोटून फोडलं. मी त्याचं कवच उचललं तर आतली पांढरी कातडी कडेनं सुटलेली, वाळल्या पानासारखी कुरकुरीत. मला उबवणीतलं काही कळत नव्हतं. पण वाळणं मला कळत होतं. चैत्राचं ऊन होतं. त्या वर्षीचं ऊन असं, की कावळा उडताना त्याची सावली खाली पडायची आणि तिथेच चिकटून राहायची. अशा उन्हात मातीचा रांजण तडकतो, माणसाचा ओठ फाटतो. अंड्याच्या आत बसलेल्याचं काय होत असेल?

मी बोडीवर गेलो. बोडी म्हणजे आमच्या गावाचा छोटा तलाव, आणि तिथे एक म्हातारा ढिवर जाळं विणत बसायचा. त्याच्या बापानं एके काळी बदकं पाळली होती. मी उरलेल्यातलं एक अंडं धोतराच्या सोग्यात गुंडाळून नेलं होतं. त्यानं ते घेतलं आणि मला त्याच्या झोपडीत नेलं. छपराच्या कवेलूंत एक भोक होतं, त्यातून उन्हाची काडी सरळ जमिनीवर पडत होती. त्यानं अंडं त्या काडीत धरलं. आत लाल शिरांचं जाळं पेटलं, आणि जाळ्याच्या मधे एक काळा ठिपका हलला.

मी खाली बसलो.

"जिता आहे," म्हातारा म्हणाला. "पन हे पोकळी पाह्य." अंड्याच्या बोथट टोकाला एक रिकामी टोपी दिसत होती. "इतकी मोठी विसाव्या दिवशी पायजे. तुह्यी आठव्या दिवशीच झाली. अंडं सुकून राह्यलं, लेका. आतलं पानी उडून चाललं."

"काऊन? कोंबडी तं बसून आहे. उठतही नाई."

"म्हनूनच. बदक कशी बसते? दाना खायले उठते, पान्यात बुडी मारते, अन् ओल्या पोटानं परत अंड्यावर येते. रोजची. अंड्याले तेवढी ओल भेटते. तुह्यी कोंबडी कोरड्या पोटाची. तिले पानी दिसलं तं पाय झटकते." मग त्यानं विचारलं, "खाली का टाकलं?"

"राख."

त्यानं अंडं माझ्या हातात परत ठेवलं. "राख," तो म्हणाला. "लेका, मासे वाळवाचे असले तं मी राख टाकतो."

त्यानं मला काम सांगितलं. राख काढ. खाली नदीची ओली वाळू टाक, वर तणस. कोंबडी दुपारी दाण्याला उठली की कोमट पाण्यात बोटं बुडवून अंड्यांवर शिंपड. दिवसातून एकदा. पोकळी पाहत राहा. वाढायची थांबली म्हणजे पाणी जास्त झालं. झपाट्यानं वाढली म्हणजे कमी. शेवटचे तीन दिवस ओल वाढव.

"चुकलं तं?" मी विचारलं.

"कमी झालं तं चामड्यात अडकून मरन. जास्त झालं तं बुडून मरन."

बदकाचं पिल्लू बुडून मरतं, हे मला कोणी पारावर सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हणून उठवून लावलं असतं.

त्या सुमारास आमच्या भागात नुकतेच सरकारी विकासाचे ब्लॉक सुरू झाले होते, आणि ब्लॉकचा एक माणूस सायकलीवर गावोगाव फिरून कोंबड्यांबद्दल सांगायचा. मी त्यालाही धरलं. तो म्हणाला, आर्द्रता राखा. मी विचारलं, किती तांबे? तो म्हणाला, ते हवेवर अवलंबून आहे. मग त्यानं घाम पुसला, दोन तांबे पाणी स्वतः प्यायला आणि पुढच्या गावाला गेला.

तर मी राख काढली, वाळू टाकली, शिंपडू लागलो. गुपचूप. ओली वाळू पाझरली, ढोलीच्या बुडाशी गेली, आणि दहाव्या दिवशी माय कोठीच्या दारात उभी राहून ओरडत होती.

तांब्या तिच्या हातात गेल्यावर थापेला जागा उरली नाही. मी सगळं सांगितलं. राखेचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माह्या सासूच्या राखेत खोट काढून राह्यला?" मी म्हणालो, "राखेत नाई वं माय. पोटात. कोंबडी कोरड्या पोटाची आहे." ओसरीवर माझी बायको धान सडत होती. मुसळाचा आवाज थांबला होता. माय तिकडे पाहत राहिली आणि मग, उभ्या जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलली.

"कोंबडी हालवाची?"

"हालवली तं घरटं सोडते ते."

"मंग मोह हालव. गोठ्यात ने. एक फूल सांडलं तं पाह्य."

तो मोह मी एकट्यानं वाहिला. ढोली तीन गाड्यांची होती की चार, आता वाढवून सांगत नाही, पण शेवटच्या खेपेला माझी पाठ सरळ व्हायला तयार नव्हती. पारावरचे चौघे बघायला आले. एक म्हणाला, "वाघाच्या मिशा मोजनारा अंडे भिजवून राह्यला." मला त्याला द्यायला उत्तर होतं. पण मी टोपली उचलली.

मोह गेला, आता ओलीची भीती गेली. हीच माझी दुसरी चूक. म्हाताऱ्यानं दिवसातून एकदाच शिंपडायला सांगितलं होतं. पण ऊन रोज वाढत होतं, भिंतीला हात लावला तर पोळत होता, आणि मला रात्रंदिवस ती कुरकुरीत कातडी दिसायची. मी दोनदा शिंपडू लागलो. मग चारदा. रांजणावर ओलं फडकं टाकलं. कोंबडी माझ्याकडे अशी बघायची, जशी सासू पाहुण्या जावयाकडे पाचव्या दिवशी बघते. माझी बायको पाणी भरायची, आणि घागरी लवकर रिकाम्या होत होत्या हे तिला दिसत होतं. ती पुन्हा भरून आणायची. तिला सगळं ठाऊक असणार, नदीकाठची ती, लहानपणापासून हेच पाहिलेलं. माझ्याच घरात, चार हातांवर, सगळी विद्या बसली होती, आणि मी ती विचारायला अर्धा कोस चालत बोडीवर जात होतो. एकदा तिला विचारलंही. "किती शिंपडू?" ती घागर डोक्यावर घेऊन उठली. पाणी तिच्या खांद्यावर सांडलं, आणि ती गेली.

अठराव्या दिवशी वास आला. म्हाताऱ्याला घरीच बोलावलं. आमच्या कोठीच्या छपरातलं एक कवेलू सरकवून उन्हाची काडी केली आणि त्यानं एकेक अंडं धरलं. चार अंडी त्यानं बाजूला ठेवली. त्यांच्यात पोकळी जवळजवळ वाढलीच नव्हती.

"बुडवले," तो म्हणाला. रागानं नाही.

त्यातलं एक मी परसात नेऊन फोडलं. फोडायला नको होतं. आत पाण्यात सगळं होतं. चोच होती. पायाच्या बोटांमधला पडदा होता. पिसांसारखं काहीतरी, ओलं, अंगाला चिकटलेलं. डोळे मिटलेले. काही कमी नव्हतं त्याच्यात. मी खड्डा केला, चारही पुरली, वरून माती सारखी केली, पाला टाकला. संध्याकाळी पाहिलं तर त्या जागेवर कोणीतरी पाला काढून दगड ठेवला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. भादव्यात ठेवला होता तसाच.

त्या दिवसापासून मी पारावर गेलो नाही.

सहा उरली. मी पुन्हा दिवसाला एकदाच शिंपडू लागलो, आणि तेही मोजून, बोटांच्या पेरांवर. बाविसाव्या दिवशी कोंबडी उठली, अंग झाडलं, अंगणात गेली आणि दाणे टिपू लागली. मी तिला उचलून परत बसवलं. ती पुन्हा उठली. मी वरून टोपली झाकली, तर आत तिनं असा धिंगाणा घातला की अंडी फुटतील म्हणून मीच टोपली काढली.

"तिचे दिवस भरले," माय म्हणाली. "एकवीस दिवस बसली बिचारी. आनखी का करन? तिले का मालूम हे परायी आहेत."

बदकाला अठ्ठावीस लागतात. सहा दिवस उरले होते आणि अंड्यांना आई नव्हती. मी खुराड्या-खुराड्यांतून हिंडलो, गावात दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. घरी येऊन भिंतीला टेकलो. भिंत तापलेली होती. माझी पाठ भाजली, आणि तेव्हा डोक्यात आलं: उबेला कोंबडी कशाला पाहिजे? चांद्याच्या चैत्रात दगडावर अंडं ठेवलं तर दगडाला पिल्लं होतील. ऊब आभाळातून फुकट येत होती. नव्हती ती फक्त ओल.

मी धोतर ओलं करून पिळलं, त्यात अंडी गुंडाळली, पोटाशी घेतली आणि कोठीत कुशीवर पडलो. सहा दिवस. जेवणही तिथंच. अंडी दिवसातून पाचदा फिरवायची, कपडा वाळला की पुन्हा ओला करायचा. अंगाला घामोळं आलं, मग त्याचे फोड झाले. कूस बदलली तर सहा जीव जातील म्हणून मी झोपलो नाही, म्हणजे झोपलो असेन तर उघड्या डोळ्यांनी. माय म्हणायची, "माह्या पोटी बदक निघालं." पण दर दुपारी ती माझ्या डोक्याखाली गार फडकं ठेवून जायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पोटाला टकटक लागली. आतून. मी श्वास धरला. पुन्हा टकटक. चार अंड्यांना बारीक चीर पडली. दोन गप्प होती, ती गप्पच राहिली. दुपारपर्यंत चारही भोकांतून चोचीचं टोक दिसू लागलं, आणि नेमकी तेव्हाच लू सुटली. दारातून आलेली हवा भट्टीतून आल्यासारखी. चिरेच्या कडेची कातडी माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली, पांढरी झाली, पिवळी झाली आणि चोचीला आवळून बसली. आतून धडपड चालली होती. मग हळू झाली. मी बोटं बुडवून पाणी टाकलं. एक थेंब मोठा पडला, नेमका चोचीच्या भोकात. ते पिल्लू दोनदा थरारलं आणि थांबलं.

मी हाक मारली. कोणाला मारली ते मला ठाऊक नाही. नावही नव्हतं, शब्दही नव्हता, नुसता आवाज.

माझी बायको दारात होती. कधीपासून होती कोण जाणे.

"सरका," ती म्हणाली.

अठ्ठावीस दिवसांतला पहिला शब्द. मी सरकलो. तिनं दाराला पोतं ओलं करून अडकवलं. खाली बसली. घागरीतलं पाणी तोंडात घेतलं आणि गिळलं नाही, तसंच धरून ठेवलं, गाल फुगवून, बराच वेळ, तोंडाच्या उबेनं ते कोमट होईपर्यंत. मग ओठ दाबून तिनं ते उडवलं. थेंब नव्हते ते. धुकं होतं. पौषातल्या सकाळी बोडीवर असतं तसं, आणि ते अंड्यांवर नुसतं टेकलं. पुन्हा तोंडात पाणी, पुन्हा थांबणं, पुन्हा फुंकर. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. कातडी मऊ पडली. तिनं हात लावला नाही. मी लावायला गेलो तर तिनं माझं मनगट धरून बाजूला ठेवलं आणि ते तसंच धरून ठेवलं, कारण मी पुन्हा लावला असता.

ऊन कलेपर्यंत ते चाललं. मायनं तीन घागरी आणून दिल्या. एका पिल्लानं कवच पाऊण उघडलं आणि मग मान टाकली. त्याच्यावर तिनं आणखी दहा वेळा पाणी उडवलं, मी मोजलं, आणि मग पदराचं टोक त्याच्यावर घातलं. उरलेली दोन निघाली. ओली, चुरगळलेली, जगातली सगळ्यात कुरूप पिल्लं. एक उभं राहिलं आणि पडलं. दुसरं पडूनच ओरडलं. त्याचा आवाज कोठीत घुमला, इतक्याशा जिवाचा, आणि माझ्या बायकोचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडू लागली. भादव्यापासूनचं सगळं. मी तिथंच बसून होतो. काय करायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

पिल्लं तिनं ओटीत घेतली. माय उठून बाहेर गेली. पोत्यातून पाणी ठिबकत होतं.

अकरातून दोन. ते निघाली यात धरायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

"भावाले निरोप धाडाचा का?" मी विचारलं.

तिनं नाक पुसलं, ओटीतल्या पिल्लांवर पदर सारखा केला आणि म्हणाली, "एवढ्या उन्हात सिरोंच्याले कोन जाते."